कै. प्रा. वामन गोविंद काळे आणि टॅरिफ बोर्ड

महाराष्ट्रात अर्थशास्त्राचा विचार रुजविणाऱ्या विद्वानांची नावे घेताना न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्या मागोमाग कै. प्रा. वामन गोविंद काळे यांचे नाव घ्यावे लागते. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक, साक्षेपी ग्रंथकार, राज्य परिषदेचे सभासद आणि बँक ऑफ महाराष्ट्रचे पहिले अध्यक्ष अशा नात्यांनी जुन्या पिढीला ते परिचित होते. बँकेमुळे त्यांचे नाव आजही अधूनमधून घेतले जाते. परंतु त्यांच्या आयुष्यातील खऱ्या कसोटीचा काळ बँकेच्या स्थापनेपूर्वीचा, १९२३ ते १९२५ चा आहे. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या पहिल्या टॅरिफ बोर्डाचे, म्हणजे आयात मालावरील जकातीविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळाचे, ते त्या काळात सभासद होते. व्यापारउदिमाशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या महाजन घराण्यांना तरी या कार्याची ओळख असावयास हवी. कारण त्या मंडळाने घातलेल्या पायंड्यांवरच पुढे अनेक वर्षे देशातील कारखानदारी आणि बाजारपेठ यांचा हिशेब चालला.

काळे यांचा जन्म १८७६ साली सांगली येथे झाला. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान, गणपतीच्या छत्राखाली वाढलेले. कृष्णाकाठच्या त्या गावात व्यापारी पेठ आणि विद्वत्ता ही दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती. उच्च शिक्षण संपवून काळे यांनी त्या काळच्या ध्येयवादी तरुणांप्रमाणे पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा मार्ग धरला आणि १९०७ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात इतिहास व अर्थशास्त्र हे विषय ते शिकवू लागले. याच संस्थेत काही वर्षांपूर्वीपर्यंत गोपाळ कृष्ण गोखले अध्यापन करीत होते. गोखल्यांचा वारसा ही काळे यांच्या बाबतीत केवळ बोलण्याची गोष्ट नव्हती. अंदाजपत्रकातील प्रत्येक आकडा उलटून पाहिल्याखेरीज मत बनवावयाचे नाही, आणि बनविलेले मत आवाज न चढविता मांडावयाचे, ही गोखल्यांची शिस्त त्यांनी अंगी बाणविली. गोखल्यांच्या निधनानंतर, १९१६ साली, त्यांच्या आर्थिक विचारांवर काळे यांनी एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला.

त्यांची ग्रंथसंपदा विपुल आहे. हिंदी उद्योगधंद्यांचे प्रश्न, राज्यकारभार, युद्धकालीन अर्थव्यवस्था, चलन, अशा विषयांवर त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली, आणि हिंदी अर्थशास्त्राची ओळख करून देणारे त्यांचे पाठ्यपुस्तक तर देशभरच्या महाविद्यालयांत वाचले गेले. त्यांची भाषा भारदस्त खरी, पण रसाळ म्हणता येणार नाही. वाचकाला भारून टाकण्यापेक्षा त्याला हिशेब पटवून देण्याकडे त्यांचा ओढा असे. राजकारणात ते नेमस्त पक्षाचे होते. त्या पक्षाला पुण्यातील लोकमत फारसे अनुकूल नव्हते आणि टीकाही पुष्कळ सहन करावी लागे. काळे यांनी ती निमूटपणे सोसली.

टॅरिफ बोर्डाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात खुल्या व्यापाराचे तत्त्व जवळजवळ धर्मश्रद्धेसारखे मानले जात असे, आणि हिंदुस्थानच्या जकाती त्या श्रद्धेप्रमाणे, त्याहूनही अधिक मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या सोयीप्रमाणे, ठरत. मुंबईच्या गिरण्या नुकत्या उभ्या राहत होत्या, तोच विलायती कापडावरील जकात काढून टाकण्याची मागणी तिकडे जोर धरू लागली. १८७७ साली काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी खुला व्यापार की संरक्षण, या प्रश्नावर हिंदी दृष्टीने विचार करणारा निबंध मुंबईत वाचला. तेलंगांचे वय त्या वेळी अवघे सत्तावीस वर्षांचे होते. बाल्यावस्थेतील उद्योगांना काही काळ आधार द्यावाच लागतो, हा मुद्दा त्यांनी इंग्रज अर्थशास्त्रज्ञांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडला. परंतु सरकारवर त्याचा परिणाम झाला नाही. १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात काढली आणि १८८२ मध्ये मीठ व मद्य यांसारखे मोजके जिन्नस वगळता बहुतेक सर्व आयात जकाती रद्द झाल्या. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४ साली त्या पुन्हा बसवाव्या लागल्या. पण त्याबरोबर देशी गिरण्यांच्या मालावरही कर बसविण्यात आला, आणि १८९६ पासून कापडावर त्याचा दर साडेतीन टक्के झाला. परक्या मालावर कर घ्यावयाचा, तर घरच्या मालावरही घ्यावयाचा, असा हा विलक्षण न्याय! या कराचा डंख हिंदी लोकांच्या मनात तीस वर्षे राहिला.

गोवा आणि बेळगाव या प्रांतांतील लोकांना तर जकात हा विषय पुस्तकातून शिकण्याची गरजच नव्हती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये १८८० पासून दोन्ही हद्दींतील जकातव्यवस्था एक झाली. गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मिठागरांवर जगणाऱ्या कुटुंबांचे हाल झाले. १८९२ मध्ये तो तह संपला आणि हद्दीवर पुन्हा जकातीचे नाके आले. मुरगाव बंदरातून आगगाडीने घाट चढणाऱ्या मालाची तपासणी कॅसलरॉकला होत असे. परकीय हद्दीतून खुष्कीच्या मार्गाने येणाऱ्या मालावर जकात घेण्याविषयीचा नवा कायदा १९२४ सालचा, म्हणजे काळे मंडळावर असतानाचाच आहे. घाटाच्या एका बाजूस कुलदैवत आणि दुसऱ्या बाजूस घरदार, अशी ज्यांची स्थिती होती, त्यांना कलकत्ता-दिल्लीस ठरलेला जकातीचा दर कापडाच्या गाठोड्यापर्यंत आणि तेलाच्या डब्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे अनुभवाने ठाऊक होते.

देशातील पुढाऱ्यांपैकी बहुतेक सर्वजण संरक्षक जकातीचे पुरस्कर्ते होते. रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्यात दिलेल्या व्याख्यानात हिंदी अर्थशास्त्राची वेगळी मांडणी करून या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. मात्र गोखल्यांच्या मनात एक शंका होती आणि १९११ साली साखरेच्या जकातीवरील चर्चेत त्यांनी ती बोलून दाखविली. संरक्षण दोन प्रकारचे असते. एक उद्योगाला वाढवून शेवटी समाजाला लाभ देणारे, आणि दुसरे काही वजनदार मंडळींची धन करून सामान्य गिऱ्हाइकाला नाडणारे. राज्यकारभार लोकांच्या हाती नसताना पहिल्या प्रकाराच्या नावाखाली दुसराच प्रकार पदरात पडण्याची भीती अधिक, असे त्यांचे म्हणणे होते. काळे यांनी हा विचार जवळून अभ्यासला होता. ते स्वतः संरक्षणाच्या बाजूचे होते आणि आपल्या देशाची जकात आपण ठरवावी, ही मागणी त्यांनी आपल्या लेखनातून आग्रहाने केली होती. तरीही त्यांच्या मनातून ती शंका गेली नव्हती. पुढील तीन वर्षांत तिला उत्तर देण्याचा प्रसंग त्यांच्यावरच येणार होता.

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९२१ ते १९२३ या काळात काळे राज्य परिषदेचे सभासद होते. त्याच सुमारास, १९२१ च्या ऑक्टोबरात, सरकारने सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली फिस्कल कमिशन नेमले. कमिशनने १९२२ मध्ये अहवाल दिला आणि विवेचक संरक्षणाचे, म्हणजे पारखून द्यावयाच्या संरक्षणाचे, धोरण सुचविले. अध्यक्षांनी आणि चार हिंदी सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडून या धोरणाभोवती इतक्या अटी नकोत, असे बजावले. बहुमताच्या अटी तीन होत्या. उद्योगाला कच्चा माल, स्वस्त शक्ती, पुरेसे कामगार आणि मोठी देशी बाजारपेठ यांची नैसर्गिक अनुकूलता असली पाहिजे. संरक्षणावाचून त्याची वाढ होणे अशक्य, निदान फार मंद, असले पाहिजे. आणि कालांतराने संरक्षण काढून घेतल्यावर जगाच्या स्पर्धेत तो स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी खात्री पटली पाहिजे. कायदेमंडळाने फेब्रुवारी १९२३ मध्ये हे धोरण मान्य केले आणि त्याच वर्षीच्या जुलैत टॅरिफ बोर्डाची स्थापना झाली.

मंडळ तिघांचे होते. अध्यक्ष जॉर्ज रेनी हे सनदी नोकरीतील अनुभवी अधिकारी. पुढे ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात व्यापारखात्याचे सभासद झाले. दुसरे सभासद पदमजी पेस्तनजी गिनवाला हे रंगूनचे बॅरिस्टर, उलटतपासणीत तरबेज. आणि तिसरे प्रा. काळे. एक अंमलदार, एक वकील आणि एक शिक्षक, अशी ही जोडणी होती. काळे यांच्यासारख्या नेमस्त प्राध्यापकाची निवड सरकारने का केली असेल, याचा तर्क करणे अवघड नाही. ते संरक्षणवादी असल्याने लोकांना परके वाटणार नव्हते, आणि आकड्यांना मान देणारे असल्याने सरकारलाही त्यांचे भय नव्हते.

मंडळाचे अधिकार मात्र मर्यादित होते. ते कायद्याने निर्माण झालेले नव्हते. सरकारच्या ठरावाने नेमलेले होते, आणि प्रथम त्याची मुदतही एकाच वर्षाची होती. कोणत्या उद्योगाची चौकशी करावयाची, ते सरकार ठरवी. मंडळाचा अहवाल हा सल्लाच. तो स्वीकारणे, बदलणे किंवा बाजूला ठेवणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून. परंतु एका बाबतीत मंडळाने नवीन वहिवाट पाडली. कारखानदार, आयात व्यापारी, रेल्वे, ग्राहक अशा सर्व संबंधितांना प्रश्नपत्रिका धाडावयाच्या, त्यांची उत्तरे घ्यावयाची, उघड साक्षी घेऊन उलट प्रश्न विचारावयाचे आणि नंतर साक्षीपुरावा छापून प्रसिद्ध करावयाचा. त्यापूर्वी जकातीचे दर बंद दाराआड ठरत असत आणि अंदाजपत्रकाच्या दिवशीच व्यापाऱ्यांना त्यांचा पत्ता लागे. आता कारखान्याच्या वह्या, नफातोटा, घसारा आणि मजुरीचे दर चव्हाट्यावर येऊ लागले. ज्याला जनतेच्या खर्चाने आधार हवा, त्याने आपला जमाखर्च जनतेला दाखविला पाहिजे, हे तत्त्व त्यात गृहीत होते.

पहिलीच चौकशी पोलादाची निघाली. हिंदुस्थानात त्या वेळी मोठ्या प्रमाणावर पोलाद तयार करणारी कंपनी एकच, टाटांची. १९०७ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीने १९१२ मध्ये पोलाद काढावयास प्रारंभ केला; युद्धकाळात तिचे पोलाद सरकारला अत्यंत उपयोगी पडले, आणि त्या भरवशावर तिने कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला. यंत्रसामग्री महागाईच्या दिवसांत खरेदी झाली आणि ती उभी राहीपर्यंत जगात पोलादाचे भाव कोसळले. १९२२ मध्ये सरकारने लोखंड-पोलादावरील जकात अडीच टक्क्यांवरून दहा टक्के केली होती, पण ती तिजोरीसाठी. तिने कारखाना तगणार नव्हता. कंपनी बुडाली तर देशातील एकुलता एक पोलाद कारखाना बंद पडणार, आणि तिला तारावयाचे तर पोलाद विकत घेणाऱ्या प्रत्येकाने जादा पैसे मोजावयाचे, असा हा पेच होता.

हा पेच व्याख्यानमंदिरातून दिसतो तितका सोपा नव्हता. पोलाद विकत घेतो कोण? रेल्वे घेते, पूल बांधणारे घेतात, हे खरे. पण बैलगाडीच्या चाकाची धाव, विहिरीच्या रहाटाचा कणा, कुळवाची फास, घरावरचा पत्रा, खिळे, बादल्या हीदेखील लोखंड-पोलादाचीच. बेल्जियमच्या स्वस्त सळ्या खेडोपाडीच्या लोहारांच्या भात्यापर्यंत पोहोचल्या होत्या. जकातीचा प्रत्येक रुपया अखेर शेतकऱ्याच्या कनवटीतून निघणार होता. ज्या प्राध्यापकाने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे अर्थशास्त्र शिकविले, त्याला आता त्याच शेतकऱ्यावर किती बोजा टाकावयाचा हे आण्यापैत ठरवावयाचे होते.

मंडळाने पद्धत अशी ठरविली. सुव्यवस्थित कारखान्याला एक टन माल काढण्यास येणारा खर्च, त्यावर घसारा, खेळत्या भांडवलाचे व्याज आणि माफक नफा मिळवून वाजवी विक्रीकिंमत काढावयाची. नंतर परदेशी माल जकात न धरता बंदरात कोणत्या भावाने उतरतो, ते पाहावयाचे. या दोहोंतील अंतर, तेवढेच संरक्षण. हे आज साधे वाटते, परंतु यातील प्रत्येक पायरीवर वाद होता. महागाईत खरेदी केलेल्या यंत्रांची किंमत कोणती धरावयाची? कंपनीने मोजलेली सगळी रक्कम धरली तर तिच्या व्यवस्थापकांच्या चुकीच्या अंदाजाचा भुर्दंड जनतेवर पडणार. मंडळाने ती पूर्ण रक्कम मान्य न करता कारखान्याचे त्या वेळचे वाजवी मूल्य धरले. परदेशी कारागिरांच्या भरमसाट पगारांविषयी आणि त्यांच्या जागी हिंदी माणसे तयार करण्याविषयीही कंपनीला प्रश्न विचारले गेले. कंपनीचा कारभार जितका काटकसरीचा असावयास हवा होता, तितका तो नव्हता, ही गोष्ट लपली नाही. तथापि सिंहभूम-मयूरभंजचे लोहखनिज आणि झरियाचा कोळसा यांमुळे या उद्योगाला लाभलेली अनुकूलता निर्विवाद होती. कच्चे लोखंड तर येथे जगात कोठेही निघते त्याहून स्वस्त निघत होते. पहिली अट पुरी होत होती, दुसरी डोळ्यांसमोरच होती, आणि तिसरीही कालांतराने पुरी होईल, असा निर्णय मंडळाने दिला.

शिफारस करतानाही एक विवेक दाखविला गेला. सर्व मालावर सरसकट जकात न चढविता जिन्नसागणिक दर सुचविले. सळ्यांवर टनास ४० रुपये, तर अन्य प्रकारांवर त्यांच्या त्यांच्या गरजेनुसार. आगगाडीच्या रुळांच्या बाबतीत तर जकातीऐवजी सरकारी तिजोरीतून कारखान्याला थेट अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. १९२४-२५ मध्ये टनामागे ३२ रुपये, पुढच्या वर्षी २६ आणि त्यापुढच्या वर्षी २०, असे ते उतरते होते. आधार हा कायमचा नाही, हे त्या उतरत्या आकड्यांतूनच कारखानदाराला कळत होते. जकातीत गिऱ्हाईक पैसे भरतो पण त्याला ते दिसत नाहीत. अनुदानात सरकार पैसे देते आणि ते अंदाजपत्रकात सर्वांना दिसतात. लोकांना हिशेब दाखविण्याच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक, मात्र त्याला तिजोरीत पैसा लागतो.

या अहवालावर तिघांच्या सह्या आहेत. त्यातील कोणता परिच्छेद कोणाच्या लेखणीचा, हा शोध निष्फळ होय. तीन भिन्न प्रकृतींची माणसे एका आकड्यावर आली, यातच त्या कामाची प्रतिष्ठा आहे.

१९२४ च्या मे-जूनमध्ये कायदेमंडळाचे खास अधिवेशन सिमल्यास भरले आणि पोलाद संरक्षणाचा कायदा संमत झाला. मुदत मार्च १९२७ पर्यंतची होती. एरवी सरकारशी दोन हात करणारे स्वराज्य पक्षाचे सभासद या वेळी सरकारी विधेयकाच्या पाठीशी उभे राहिले. कामगारांचे कैवारी ना. म. जोशी यांनी मात्र संरक्षण मिळणाऱ्या कारखान्यातील मजुरांच्या स्थितीचा प्रश्न उपस्थित केला, आणि तो रास्तच होता. अनुदान घेणाऱ्या कंपनीने हिंदी तरुणांना तांत्रिक शिक्षणाची सोय करून द्यावी, आणि नव्याने निघणारी कंपनी असेल तर तिची नोंदणी हिंदुस्थानात, भांडवल रुपयांत आणि संचालकांत हिंदी लोकांचे ठराविक प्रमाण असावे, अशा अटी कायद्यात आल्या. गोखल्यांच्या शंकेला हे निदान अर्धे उत्तर होते.

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच परिस्थितीने मंडळाला पुन्हा कामाला लावले. युरोपातील चलने घसरल्यामुळे बेल्जियम व अन्य देशांचे पोलाद आणखी स्वस्त झाले. इकडे रुपयाचा विलायती हुंडीचा भाव १ शिलिंग ४ पेन्सांवरून १ शिलिंग ६ पेन्सांकडे चढला. रुपया महाग झाला म्हणजे परदेशी माल तितका स्वस्त पडतो. एका हाताने उभारलेली जकातीची भिंत दुसऱ्या हाताने खाली आणल्यासारखे हे झाले. चलनशास्त्र हा काळे यांच्या विशेष व्यासंगाचा विषय, त्यामुळे हा संबंध त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होता. मंडळाने पुन्हा चौकशी करून जकात वाढविण्याची शिफारस केली. सरकारने ती न मानता ऑक्टोबर १९२४ पासूनच्या एका वर्षासाठी जास्तीत जास्त ५० लाख रुपयांचे अनुदान मंजूर केले. मुदत संपताना पुन्हा तोच प्रश्न आला. या खेपेस अठरा महिन्यांसाठी ६० लाखांची मर्यादा ठरली. मंडळाने याहून बरीच मोठी रक्कम सुचविली होती. सल्लागाराचे काम सल्ला देण्यापुरतेच असते, याचा अनुभव येण्यास फार दिवस लागले नाहीत.

पोलादाखेरीज कागद, सिमेंट, मॅग्नेशियम क्लोराइड इत्यादी उद्योगांच्या चौकश्या याच काळात झाल्या. त्यांपैकी कागदाची चौकशी विशेष मनोरंजक आहे. देशातील गिरण्या त्या वेळी मुख्यतः सबाई गवतापासून कागद करीत. हे गवत दूरवरून आणावे लागे, आणि त्यावर अवलंबून राहणाऱ्या गिरण्यांना भवितव्य नाही, असे मंडळाला आढळले. पण हिंदुस्थानच्या अरण्यांत बांबू अमाप आहे. म्हणून संरक्षण द्यावयाचे ते बांबूच्या लगद्यापासून कागद करण्याचा प्रयोग यशस्वी व्हावा यासाठी, असे ठरले, आणि १९२५ च्या कायद्याच्या नावातच बांबू हा शब्द आला. लिहिण्याच्या व छपाईच्या कागदावर पौंडास एक आणा जकात बसली. ज्यांनी सारे आयुष्य ग्रंथ लिहिण्यात आणि विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके देण्यात घालविले, त्या काळ्यांच्या सहीने वह्यापुस्तके महाग व्हावीत, हा योग चमत्कारिकच! शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून पंचांगापर्यंत आणि पोथीपर्यंत सर्वांना त्याची झळ लागणार होती. वर्तमानपत्रांचा स्वस्त कागद मात्र वगळण्यात आला. हा बांबूचा जुगार पुढे सफल झाला, आणि बांबूच्या लगद्याने देशातील कागद उद्योगात पक्के स्थान मिळविले.

सिमेंटचे दुखणे निराळे होते. कारखाने गरजेपेक्षा अधिक निघाले आणि त्यांनी परस्परांचे गळे कापण्याच्या चढाओढीत भाव पाडले. परदेशी मालापेक्षा आपसांतील स्पर्धेनेच ते खंगले होते. अशा रोगावर जकात हे औषध नव्हे. कारखानदारांनी पुढे संघटना केली आणि १९३६ साली बहुतेक कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा तो प्रश्न सुटला. मॅग्नेशियम क्लोराइड हा कापडाच्या खळीत लागणारा पदार्थ खाराघोड्याच्या मिठागरांतून मिळतो. तो उद्योग लहान आणि सर्वस्वी देशी; त्याला आधार द्यावा असे कोणालाही वाटावे. परंतु संरक्षणाशिवाय तो कधी काळी उभा राहील, अशी खात्री न पटल्याने १९२५ मध्ये मंडळाने नकार दिला. पुढे परिस्थिती बदलल्यावर निराळ्या मंडळाने त्याला संरक्षण दिले. संरक्षणवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने देशी उद्योगाला नाही म्हणणे हे लोकप्रिय होण्याचे लक्षण नव्हे, आणि त्या काळी स्वदेशीच्या वातावरणात तर नव्हेच.

मंडळावर टीका दोन्ही बाजूंनी झाली. उद्योगपतींना तीन अटी जाचक वाटत. चौकशीला महिने लागत, निर्णयाला आणखी महिने, आणि तोवर कारखाना आजारी पडे; शिवाय कच्चा माल परदेशातून आणावा लागणाऱ्या नव्या उद्योगांना पहिली अटच आडवी येई. ही टीका पुष्कळ अंशी खरी मानावी लागते. दुसऱ्या बाजूस इंग्रज व्यापाऱ्यांना ही सर्व खटपट टाटांसाठी केलेली खिरापत वाटे. पण टाटांचा कारखाना तगला, विस्तारला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो देशाच्या पोलादाचा मुख्य आधार होऊन बसला. ज्याच्या रद्दबातलीची अनेक वर्षे वाट पाहिली जात होती, तो कापडावरील देशी करही १९२५ च्या डिसेंबरात स्थगित झाला आणि १९२६ मध्ये कायमचा गेला.

१९२५ मध्ये काळे मंडळातून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉ. जॉन मथाई आले. सरकारदरबारी मिळालेल्या ओळखीचा उपयोग करून एखाद्या बड्या कंपनीच्या संचालकपदी जाऊन बसणे त्यांना अशक्य नव्हते. ते परतले अध्यापनाकडे आणि लेखनाकडे. अर्थशास्त्रीय विषय मराठी वाचकाला मराठीतून समजले पाहिजेत, या कळकळीने त्यांनी अर्थ नावाचे नियतकालिक चालविले. विनिमय, व्याज, जकात, सहकार या विषयांना मराठी प्रतिशब्द घडवीत, ते रुळवीत जाण्याचे हे काम कष्टाचे होते आणि त्यात पैसा नव्हता.

कारखान्यांच्या वह्या तपासताना भांडवलाचा तुटवडा किती ठिकाणी उद्योगाचा गळा आवळतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. महाराष्ट्रात बुद्धिमत्ता आहे, कष्टाळूपणा आहे, पण लहान धंदेवाल्याला उसने भांडवल देणारी मध्यमवर्गाची स्वतःची बँक नाही, ही उणीव त्यांना जाणवत असे. १९३५ च्या १६ सप्टेंबरला बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. प्रा. काळे आणि द. के. साठे हे तिचे संस्थापक, आणि काळे पहिले अध्यक्ष. अधिकृत भांडवल दहा लाख रुपयांचे होते. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पुण्यात कामकाजास प्रारंभ झाला. मोठ्या पेढ्यांच्या तुलनेने ही रक्कम लहान होती, परंतु ती लहान बचती करणाऱ्या माणसांनी जमविलेली होती. पुढे या बँकेच्या शाखा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीपर्यंतही पोहोचल्या, आणि १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांत तिचा समावेश झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नव्या उद्योगांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. युद्धकाळात निघालेल्या कारखान्यांना आधार देण्यासाठी सरकारने नोव्हेंबर १९४५ मध्ये हंगामी टॅरिफ बोर्ड नेमले आणि १९२३ च्या त्या तीन अटी पुष्कळ सैल केल्या. काळे त्या वेळी सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. २७ जानेवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. कायद्याने अधिष्ठित असे टॅरिफ कमिशन, ज्याचा सल्ला सरकारला सहजासहजी बाजूला ठेवता येऊ नये अशी योजना होती, ते त्यानंतर सहा वर्षांनी, १९५२ साली, स्वतंत्र भारतात स्थापन झाले.